रिळाचा तळ : वेणीदोर, तंगूस आणि भरणीची परिभाषा

गळाने मासे धरणाऱ्याच्या साहित्यात काठी, गळ आणि आमिष यांची चर्चा पुष्कळ होते. रिळावर दोर कसा भरावा याची फारशी होत नाही. दुकानातून आणलेला दोर रिळाला बांधावा आणि मूठ फिरवावी, एवढेच ते काम, अशी सर्वसाधारण समजूत असते. साध्या नायलॉनच्या दोराच्या बाबतीत ती फारशी चुकीची नव्हे. परंतु हल्ली सर्वत्र मिळणारा, ‘ब्रेडेड लाइन’ या नावाने विकला जाणारा दोर असा थेट भरला, तर मोठा मासा लागण्याच्या क्षणीच एक चमत्कारिक प्रकार घडतो. मूठ फिरत राहते, दोर मात्र आत येत नाही. गाठ सुटलेली नसते, दोरही तुटलेला नसतो. दोराचा सगळा गठ्ठाच्या गठ्ठा आपल्या आसाभोवती सरकत असतो. रोधाचा स्क्रू कितीही आवळला तरी उपयोग होत नाही. यावरचा उपाय स्वस्त आहे : तळाशी आधी तंगुसाचे थोडे वेढे घ्यावेत आणि त्यावर हा दोर चढवावा. हा उपाय का लागू पडतो, तो कसा करावा आणि त्याला मराठीत काय म्हणावे, या तीन प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

आरंभी शब्दांकडे पाहिले पाहिजे. ‘रीळ’ हा शब्द इंग्रजीतून आला, हे आता सांगावे लागते इतका तो मुरला आहे. मूळच्या ‘ल’चा ‘ळ’ झाला, लिंग नपुंसक ठरले, आणि सामान्यरूपात दीर्घ ‘री’ ऱ्हस्व होऊन ‘रिळा-’ असे रूप सिद्ध झाले. म्हणजे ‘पीठ-पिठा’, ‘मीठ-मिठा’ या घरच्या शब्दांची चाल त्याने पूर्णपणे उचलली. शिवणाच्या दोऱ्याबरोबर रुळलेला हा शब्द मासेमाराच्या यंत्रासही सहज लागू होतो. यंत्राच्या ज्या भागावर दोर गुंडाळला जातो त्यास या लेखात ‘फिरकी’, तिच्या मधल्या दांड्यास ‘कणा’ आणि कडेस ‘काठ’ म्हटले आहे.

वस्तू म्हणून रीळ जुने आहे. चिनी चित्रकार मा युआन याच्या, इ. स. ११९५ च्या सुमाराच्या मानल्या जाणाऱ्या चित्रात नावेतील कोळ्याच्या काठीवर ते दिसते. दख्खनचा विचार करता, कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ त्याहून काही दशके आधीचा. मराठीच्या अभ्यासकांस तो त्यातील मराठी पद्यांमुळे परिचित आहे. परंतु त्यातच ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण असून गळ, दोर, काठी व आमिष यांचा तपशीलवार विचार त्यात आढळतो. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे विद्वानांचे लक्ष वेधले.

आता दोन दोरांचे स्वभाव पाहू. तंगूस म्हणजे नायलॉनचा एकच अखंड, गुळगुळीत तंतू. वॉलेस कॅरदर्स यांनी १९३५ मध्ये अमेरिकेत ड्युपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत नायलॉन सिद्ध केले, आणि त्या दशकाच्या अखेरीस ते बाजारात आले. तंगुसाचा विशेष असा, की तो ताणला असता तुटण्यापूर्वी बराच लांबतो आणि ताण कमी होताच आखडू पाहतो. शिवाय फिरकीवर राहून पडलेले वळण तो सहजासहजी सोडत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण ज्याने केली त्याच्या हाती तंगूस पडला असता तर त्याला सुंभ जाळावा लागला नसता. वेणीदोराची रीत निराळी. तो पॉलिएथिलीनच्या अतिसूक्ष्म तंतूंचा असतो. हे तंतू काढण्याची पद्धत पॉल स्मिथ व पीट लेमस्ट्रा यांनी नेदरलंडमध्ये १९७९ च्या सुमारास शोधली. अशा तंतूंचे चार किंवा आठ पेड घेऊन ते एकमेकांत गुंफलेले असतात. सुंभाच्या दोरीसारखा तो वळलेला नसतो, वेणीसारखा घातलेला असतो. म्हणून ‘पेड’ आणि ‘वेणी’ हे शब्द येथे अगदी नेमके बसतात, ‘पीळ’ बसत नाही. सारख्या जाडीच्या तंगुसापेक्षा तो कितीतरी बळकट असतो, परंतु ताणाने फारच थोडा लांबतो, आणि त्याचा पृष्ठभाग अत्यंत निसरडा असतो.

सरकण्याचे कारण याच दोन गुणांत आहे. फिरकीच्या कण्यावर दोर टिकतो तो गाठीच्या बळावर नव्हे, घर्षणाच्या बळावर. गाठ केवळ पहिले टोक धरून ठेवते; खरा भार सर्वांत आतल्या थराने कण्याला किती घट्ट मिठी मारली आहे यावर पेलला जातो. तंगूस ताणून भरला की तो आखडू पाहतो आणि ती मिठी घट्ट करतो. वेणीदोर जवळजवळ लांबतच नाही, म्हणून आखडतही नाही; त्यात पॉलिएथिलीनचा घर्षणांक नायलॉनच्या मानाने पुष्कळ कमी. गुळगुळीत धातूच्या कण्यावर मग धरून ठेवणारे काहीच उरत नाही. तळाशी तंगूस असला म्हणजे तो कण्याला धरतो, आणि वेणीदोर गाठीने तंगुसाला धरतो. काही फिरक्यांच्या कण्यावर रबराची पट्टी बसवलेली असते. तेथे तळाशी दुसरा दोर घालण्याची गरज या कारणाकरिता उरत नाही.

तरीही दुसरे कारण राहतेच. वेणीदोर बारीक असल्यामुळे दीडशे मीटर भरूनही मोठी फिरकी अर्धी रिकामी राहते. रिळाचा रोध ही मूलतः पिळाची शक्ती असते. दोरावर पडणारा ताण म्हणजे ती शक्ती भागिले त्रिज्या. भरलेल्या फिरकीचा व्यास ५० मिलिमीटर असताना रोध २ किलोग्रॅमवर लावला, तर व्यास ४० मिलिमीटरवर आल्यावर तोच रोध अडीच किलोग्रॅम होतो. एका वेढ्यात आत येणारा दोरही १५७ मिलिमीटरांवरून १२६ वर उतरतो. म्हणजे मासा दूर पळत असताना, ताण वाढू नये असे वाटते नेमक्या त्या वेळी तो आपोआप वाढत जातो. तळ भरलेला असला की व्यास फार घटत नाही. महागडा दोर वाया जात नाही हा लाभही आहेच, पण तो दुय्यम समजावा.

तळ किती भरावा, याचा हिशेब व्यासाच्या वर्गाने होतो, व्यासाने नव्हे. नवशिक्यांची चूक बहुधा येथेच होते. फिरकीवर ०.३० मिलिमीटरचा तंगूस २०० मीटर मावतो असे लिहिले आहे, आणि ०.१८ मिलिमीटरचा वेणीदोर १५० मीटर भरावयाचा आहे, असे समजू. जाडीचे गुणोत्तर १.६७, त्याचा वर्ग सुमारे २.७८. म्हणून वेणीदोराचे १५० मीटर तंगुसाच्या ५४ मीटरांची जागा घेतील, आणि तळाशी उरलेले १४६ मीटर तंगूस लागेल. अर्थात वेष्टनावरील आकड्यांवर फार विश्वास ठेवता येत नाही, कारण वेणीदोर गोल नसतो आणि दाबाखाली चपटा होतो. म्हणून अनुभवी लोक हिशेब न करता उलट रीत वापरतात : आधी वेणीदोर भरावा, त्यावर काठापासून दोनेक मिलिमीटर खाली येईपर्यंत तंगूस भरावा, मग सगळे दुसऱ्या फिरकीवर उलटवून घेऊन, योग्य टोकाने पुन्हा मूळ फिरकीवर चढवावे. दोन वेळा गुंडाळण्याचे कष्ट पडतात, पण मोजमाप बिनचूक होते. काठापर्यंत मात्र भरू नये; वेढे आपोआप सुटून गुंता होतो.

दोन दोरांच्या सांध्यावर दोन्हीकडून आवळणारी गाठ मारतात. निसरड्या वेणीदोराला तीत सात-आठ वेढे द्यावे लागतात, तंगुसाला चार-पाच पुरतात. गाठ ओली करून आवळावी आणि टोके जवळ कापावीत, नाहीतर फेकीच्या वेळी दोर तेथे अडतो. वेणीदोर ओल्या फडक्यात चिमटीने धरून ताणून भरावा. सैल भरला तर भार येताच वरचा वेढा खालच्या थरांत रुततो आणि पुढच्या फेकीला सुटत नाही. पैठणीच्या मागावर रेशमाची कांडी भरणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. ढिली भरलेली कांडी धोट्यातून नीट उलगडत नाही.

कांडीच का, पतंगाच्या चक्रीवरही हीच युक्ती चालते. छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस, नाशिक जिल्ह्यातील येवल्यास, भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंगोत्सव चालतो आणि चक्रीला तेथे ‘आसारी’ म्हणतात. धारेचा मांजा सगळ्या आसारीभर कोणी भरत नाही; तळाशी साधा सुती दोरा घालून वर मांजा चढवणे पुरते. तेव्हा इंग्रजी ‘बॅकिंग’साठी ‘पृष्ठाधार’ यासारखे घडवलेले शब्द शोधण्याचे कारण नाही. ते चुकीचेही आहेत, कारण हा दोर मागे नसतो, खाली असतो. जेथे क्रिया आधीच माहीत आहे तेथे भाषेलाही ती माहीत असते. ‘तळदोर’ म्हटले की कांडी भरणाऱ्यालाही आणि पतंग उडवणाऱ्यालाही ते कळेल.

पतंगाची आठवण निघाली म्हणून एवढे नमूद केले पाहिजे, की नायलॉन व इतर कृत्रिम तंतूंच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी देशभर बंदी घातली. न तुटणे आणि न कुजणे हे गुण फिरकीच्या तळाशी उपयोगाचे, आकाशात आणि पाण्याकाठी घातक. पैठणच्या नाथसागराचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. काठावर टाकलेला तंगुसाचा तुकडा पक्ष्याच्या पायात अडकण्यास मोठा असावा लागत नाही. भरताना उरलेले तुकडे म्हणून बारीक कातरून घरी न्यावेत.

तळदोर एकदा नीट भरला की तो वर्षानुवर्षे बदलावा लागत नाही, कारण त्याला ऊन लागत नाही आणि बहुधा पाण्याशीही त्याची गाठ पडत नाही. वेणीदोराचे पुढचे टोक मात्र खडकांवर घासून विसविशीत होते. तेव्हा दोर टाकून न देता सांधा सोडावा, वेणीदोर उलटा करून पुन्हा त्याच तळावर चढवावा; आतली, जवळजवळ कोरी बाजू बाहेर येते.