खतावणीतील घसारा आणि विम्यातील घसारा

दुकानाचा आगीचा विमा उतरविलेला आहे, एवढ्यावरच आपल्यापैकी कित्येक व्यापारी बंधू निश्चिंत असतात. हप्ता वेळेवर भरला जातो, पॉलिसी तिजोरीत जपून ठेवली जाते. परंतु तीतील रक्कम कोणत्या हिशेबाने घातली, हा प्रश्न बहुधा आग लागल्यानंतरच उपस्थित होतो. मग सर्व्हेअरच्या अहवालातील ‘घसारा’ हा शब्द वाचून मनास धक्का बसतो. म्हणून या विषयाची थोडी फोड करण्याचे आम्ही योजिले आहे.

विम्याचे मूळ तत्त्व झालेले नुकसान भरून देण्याचे आहे, लाभ करून देण्याचे नव्हे. दहा वर्षे वापरलेले कपाट जळाले आणि त्याच्या जागी कोरे कपाट मिळाले, तर तो लाभच होय. सबब बाजारभावावर उतरविलेल्या विम्यात सर्व्हेअर प्रथम तशाच नव्या वस्तूची आजची किंमत धरतो व तीतून वय, झीज आणि निगा पाहून घसारा वजा करतो. मोटारीच्या विम्यात रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के, काचेवर काहीच नाही, असे ठरीव कोष्टक असते. इमारत व फर्निचर यांच्या बाबतीत मात्र सर्व्हेअरच्या अनुभवावर व आपल्या पुराव्यावर पुष्कळ अवलंबून असते.

आता खरी मेख येथे आहे. प्राप्तिकरासाठी खतावणीत फर्निचरवर दरसाल १० टक्के घसारा घटत्या शिलकेवर धरला जातो. विम्यातील घसारा याहून सर्वस्वी निराळा. समजा, बेळगावच्या रविवार पेठेतील एका दुकानदाराने दहा वर्षांपूर्वी १० लक्ष रुपयांचे फर्निचर केले. आज खतावणीत त्याची किंमत सुमारे ३ लक्ष ४९ हजार उरली, म्हणून त्याने विमा ३ लक्ष ५० हजारांचा उतरविला. परंतु तसेच फर्निचर आज नव्याने करावयास १६ लक्ष लागतात. त्याचे आयुष्य वीस वर्षे मानून निम्मा घसारा वजा केला, तरी बाजारमूल्य ८ लक्ष ठरते.

पुढे आगीत एक चतुर्थांश फर्निचर जळाले. घसारा जाता नुकसान २ लक्षांचे. तथापि ८ लक्षांच्या मालमत्तेचा विमा ३ लक्ष ५० हजारांचाच असल्याने, उरलेल्या भागाचा विमेदार तो स्वतःच, असे सरासरीचे कलम सांगते. म्हणून हाती येतात अवघे ८७,५०० रुपये. आणि नवे फर्निचर करण्यास लागतात ४ लक्ष! दोष घसाऱ्याचा थोडा, अपुऱ्या विम्याचा अधिक.

यावर उपाय आहेत. ‘पुनःस्थापना मूल्य’ या कलमान्वये आजच्या नव्या किमतीचा विमा उतरविल्यास घसारा कापला जात नाही. मात्र वस्तू प्रत्यक्ष पुन्हा उभी करावी लागते, आणि तीही सामान्यतः बारा महिन्यांच्या आत. तोवर घसारा वजा जाताच रक्कम मिळते. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या पॉलिसीत एका ठिकाणची ५ कोटींपर्यंतची मालमत्ता येते, व विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तरी त्याकडे दुर्लक्ष केले जाते.

विक्रीच्या मालास वयाचा असा घसारा सहसा लागत नाही. तथापि त्याची किंमत खरेदीभावाने धरतात, विक्रीभावाने नव्हे. पडून राहिलेल्या जुन्या मालास कपात होते, हेही ध्यानी असावे.

आमची विनंती इतकीच. पाडव्यास नव्या चोपड्या मांडाल, तेव्हा पॉलिसीही बाहेर काढावी आणि इमारत व फर्निचर यांच्या रकमा आजच्या भावाशी ताडून पाहाव्या. खरेदीची बिले, दुरुस्तीच्या पावत्या व छायाचित्रे दुकानाबाहेर अन्यत्र ठेवावीत. चांगली निगा सिद्ध झाली, तर घसारा कमी करण्याची मागणी करता येते. दावा झाल्यास अहवालाची प्रत मागून प्रत्येक वस्तूचे धरलेले वय व आयुष्य तपासावे. हप्त्यात वाचविलेले चार पैसे संकटकाळी लाखांनी फेडावे लागू नयेत, हीच आमची सदिच्छा.