एका वर्गात सारी मुले : विशेष शिक्षिकांच्या कामाची फेरवाटणी

मंडळाच्या या महोत्सवी वर्षात काही हितचिंतकांनी अशी विचारणा केली आहे की, आपल्या प्राथमिक शाळेतील दिव्यांग मुलांसाठी एक स्वतंत्र खोली बांधून द्यावयाची झाल्यास खर्च किती येईल? या विचारणेमागील सद्भावनेविषयी शंका नाही. परंतु त्या खोलीत कोण, किती वेळ आणि कशासाठी बसणार, याचा विचार विटा-सिमेंटच्या आधी व्हावयास हवा. तो नीट केला तर असे आढळते की, या मुलांचे अधिक अडते ते विशेष शिक्षिकांच्या कामाच्या वाटणीपाशी.

पूर्वी अशा मुलांच्या शाळाच निराळ्या असत. मुंबईची जय वकील शाळा 1944 सालापासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे शिक्षण करीत आली आहे. त्या काळी सामान्य शाळा या मुलांना सहसा दारातही उभे करीत नसत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कार्याचे मोल कळते. 1974 साली केंद्र सरकारने एकात्मिक शिक्षणाची योजना काढली. मुले सामान्य शाळेत येऊ लागली, पण शाळेच्या रीतीशी जुळवून घेण्याचे ओझे त्यांच्याच शिरावर राहिले. पुढे 1994 साली स्पेनमधील सालामांका येथे 92 सरकारांच्या प्रतिनिधींनी शाळेनेच मुलाशी जुळवून घ्यावे, असे जाहीर केले. आपल्याकडील 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातही समावेशक शिक्षणाचा अर्थ हाच दिला आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, ते नव्या कायद्यात 21 झाले, आणि अध्ययन अक्षमतेचा त्यात अंतर्भाव झाला. ज्यांना ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसविले जाई, त्यांपैकी कित्येकांचा हक्क त्यामुळे कागदावर तरी सिद्ध झाला.

आता प्रत्यक्ष शाळेत येऊ. समजा, पहिली ते सातवी मिळून अशी 20 मुले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली प्राथमिक वर्गांत 10 आणि उच्च प्राथमिक वर्गांत 15 विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण घालून दिले. त्या हिशेबाने शाळेने दोन शिक्षिका नेमल्या. रूढ वाटणी दोषाच्या प्रकारावरून होते. एकीचे प्रशिक्षण श्रवणदोषाचे, म्हणून कमी ऐकू येणारी मुले तिची, बाकीची दुसरीची. प्रत्येकीची मुले साती इयत्तांत विखुरलेली असतात. तेव्हा ती काय करते? चाळीस मिनिटांच्या तासाला निरनिराळ्या वर्गांतून सहा-सात मुले आपल्या खोलीत बोलावते. दुसरीतल्या मुलाला हातच्याची बेरीज, पाचवीतल्याला अपूर्णांक, तिसऱ्याला नुसते शब्दोच्चार. एकेकाच्या वाट्याला पाच-सहा मिनिटे येतात. इकडे वर्गात नेमका तोच पाठ पुढे सरकलेला असतो, आणि मूल परत येते ते अधिकच मागे पडून. वर्गशिक्षिकेच्या मनातही हळूहळू ठसते की, हे मूल ‘त्या बाईंचे’ आहे.

यावरचा उपाय म्हणजे इयत्तावार वाटणी. पहिली ते तिसरी एकीकडे, चौथी ते सातवी दुसरीकडे. मग मुलाची अडचण कोणत्याही प्रकारची असो. प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी धरली, तर पूर्वी दोन विशेष शिक्षिकांना सात वर्गशिक्षिकांशी जुळवून घ्यावे लागे, म्हणजे चौदा जोड्या; आता त्या सातच राहतात. आठवड्यातून एकदा दोघींनी एकत्र बसून पुढील पाठांचा विचार करावयाचा, हे चौदा जोड्यांना कधीच साधणार नाही, सातांना साधते. मात्र त्यासाठी तो तास वेळापत्रकात छापलेला असला पाहिजे. मधल्या सुट्टीत उभ्या उभ्या बोलून घ्या, असे सांगणाऱ्या मुख्याध्यापकाला हे काम करावयाचेच नाही, असे खुशाल समजावे.

वर्गात दोन शिक्षिका असल्या म्हणजे एकीने शिकवावयाचे आणि दुसरीने भिंतीशी उभे राहावयाचे, असे नव्हे. अमेरिकेत 1975 च्या कायद्यानंतर अशी मुले मोठ्या संख्येने सामान्य शाळांत आली. तेथे लिन कुक आणि मेरिलिन फ्रेंड यांनी 1995 साली सहअध्यापनाच्या पद्धती मांडल्या. वर्गाचे दोन गट करून तोच पाठ दोघींनी शिकवावा. किंवा एकीने चार मुलांना पंधरा मिनिटे कोपऱ्यात घेऊन कच्चा भाग पक्का करून द्यावा, आणि त्या चारांत कधी हुशार मुलेही असावीत, म्हणजे कोपऱ्याला कलंक लागत नाही.

मदतनीस बाईंची गोष्ट याहून नाजूक आहे. मायकेल जियांग्रेको व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली दाखवून दिले की, मोठे माणूस मुलाला सतत चिकटून बसले म्हणजे वर्गबंधू दूर होतात आणि शिक्षिकाही त्या मुलाकडे पाहीनाशी होते. म्हणून मदतनीस वर्गाला द्यावी. झटके येणारे किंवा उचलून न्यावे लागणारे मूल असेल, तर तेवढा अपवाद करावा.

आपल्या बेळगावास एक जादा पेच आहे. मराठी शाळेतील मुलाला देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या हाताळाव्या लागतात. कर्नाटकात कन्नड शिकणे 2015 च्या कायद्याने आवश्यक झाले आहे. देवनागरीत पहिली वेलांटी उच्चारात मागून येते, पण लिहिताना अक्षराच्या आधी पडते. कन्नडात तसे नाही. उलट कन्नडात ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन प्रकार आहेत, ते मराठी कानाला चटकन कळत नाहीत. तेव्हा कन्नडच्या वहीत लाल रेघा दिसल्या म्हणजे ती अक्षमताच, असे मानणे घातक होय. घरची भाषा मराठी असूनही मराठी वाचनात तेच अडखळणे दिसले, तर मात्र काळजीपूर्वक तपासणी करावी. हा भेद कोणाला कळेल? जी विशेष शिक्षिका त्याच मुलाला मराठीच्या, कन्नडच्या आणि इंग्रजीच्या तासाला पाहते, तिलाच. खोलीत बसून तो कळत नाही. 2018 च्या सरकारी सूचनांत अध्ययन अक्षमतेची चाळणी तिसरीच्या सुमारास सांगितली होती. तोवर पहिली-दुसरीच्या मुलाला दाखल्याची वाट पाहत ठेवण्याचे कारण नाही. मदत सुरू करावयास दाखला लागत नाही, मायेने पाहणारे डोळे लागतात.

या फेरवाटणीत तोटा आहे, तो झाकून ठेवू नये. श्रवणदोषाचे शिक्षण घेतलेल्या बाईंना आता अंध मुलाचीही जबाबदारी येते, आणि ब्रेल काही आठ दिवसांत येत नाही. त्यासाठी तालुका पातळीवरील संसाधन शिक्षकांचे साहाय्य मागावे; शिवाय श्रवणयंत्रांची देखभाल साती वर्गांत त्याच बाईंकडे राहावी. वेगळी खोलीही मोडीत काढावयाची नाही. ब्रेलचे पहिले धडे, वाचादोषावरील उपचार, गोंगाटाने बावरलेल्या मुलाला दहा मिनिटांची शांतता, एवढ्यासाठी ती हवीच; पण आहे त्यातली एक लहान खोली पुरेल. पालकही विचारतील की, आमच्या मुलाचा स्वतंत्र तास का काढला? त्यांना वर्गात बोलावून पाठ दाखवावा. तोंडी समजुतीने भागत नाही.

राहिला प्रश्न पैशाचा. खोलीला देणगीदाराच्या नावाची शिला बसते, शिक्षिकेच्या पगाराला बसत नाही, ही खरी अडचण! म्हणून विश्वस्तांपुढे अशी सूचना आहे की, खोलीसाठी येऊ घातलेल्या देणग्या देणगीदारांच्या संमतीने एका कायम निधीत ठेवाव्यात, त्याच्या व्याजातून एका विशेष शिक्षिकेचे वेतन भागवावे, आणि देणगीदारांची नावे शाळेच्या वार्षिक अहवालात दरवर्षी छापावीत. मुख्याध्यापकांनी नवे वेळापत्रक उन्हाळ्याच्या सुट्टीतच तयार करावे, आणि त्यात पहिल्याने दोन्ही शिक्षिकांच्या एकत्र बैठकीचे तास भरून मग बाकीचे विषय मांडावेत.