वाचवायला गेलेलेच का दगावतात? बचाव जवानांना सगळ्यात आधी शिकवला जाणारा धडा

23 मे 2024. अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, सुगाव बुद्रुक इथं प्रवरा नदीत आदल्या दिवशी दोन तरुण बुडाले होते. त्यांच्या शोधासाठी धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एसडीआरएफची तुकडी आली. सकाळी बोट पाण्यात उतरली आणि भोवऱ्यात सापडून उलटली. त्यात दलाचे तीन जवान गेले.

बातमी वाचून अनेकांना एकच प्रश्न पडला. पोहता येतं, प्रशिक्षण झालंय, तरी असं कसं होतं?

आधी, हे लोक तयार कुठे होतात?

महाराष्ट्राच्या एसडीआरएफचे दोन तळ आहेत, एक नागपूरला आणि दुसरा धुळ्याला. त्यातले जवान राज्य राखीव पोलीस दलातून येतात. म्हणून खानदेशच नाही, तर आसपासच्या जिल्ह्यांत पूर आला की धुळ्याची गाडी निघते.

आग विझवणाऱ्यांची वाट वेगळी. महापालिका आणि नगरपालिकांच्या भरतीत अग्निशामक पदासाठी मुंबईच्या महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमीचा सहा महिन्यांचा कोर्स विचारला जातो. अधिकाऱ्यांसाठी नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. ते 1956 साली उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं.

या सगळ्या ठिकाणी पहिला धडा एकच असतो. आधी स्वतःचा जीव, मग सोबत्याचा, मग अडकलेल्याचा. ऐकायला स्वार्थी वाटतं. पण वाचवणारा पडला की मदत मागणारे दोन होतात आणि मदत करणारा एक कमी होतो.

बंधाऱ्याखालचं पाणी इतकं धोक्याचं का?

तापी, गिरणा, पांझरा या नद्यांवर ठिकठिकाणी बंधारे आहेत. पांझरेवरची फड पद्धत तर बंधाऱ्यांवरच उभी राहिली. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी पडताना छान दिसतं, लोक खाली उतरून सेल्फी काढतात.

आता खाली काय चालतं ते बघा. पडणारं पाणी थेट तळाला जातं, थोडं पुढे जाऊन वर उसळतं आणि त्यातलं बरंचसं पृष्ठभागावरून परत भिंतीकडे येतं. म्हणजे तिथं पाण्याचं एक आडवं चाक फिरत असतं. त्यात सापडलेला माणूस भिंतीकडे ओढला जातो, खाली दाबला जातो, वर येतो आणि पुन्हा ओढला जातो.

शिवाय त्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते. त्यामुळे अंगातलं लाईफ जॅकेटही नेहमीसारखं तरंगवत नाही आणि बोटीच्या पंख्याला पाण्याची पकड मिळत नाही. इथं पट्टीचा पोहणाराही हरतो.

म्हणून प्रशिक्षणात क्रम ठरलेला असतो. आधी काठावरूनच काठी किंवा बांबू पुढे करा. नाही पोहोचला तर दोर किंवा तरंगणारी वस्तू फेका. तेही जमलं नाही तर बोट. स्वतः पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी.

विहिरीत एकामागून एक का जातात?

एप्रिल 2024 मध्येच नगर जिल्ह्यातल्या वाकडी गावात (नेवासा तालुका) शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत एक मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा. पाच जणांचा जीव गेला.

अशा खड्ड्यात शेण-मैला कुजून विषारी वायू साचतात आणि प्राणवायू कमी होतो. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाईड जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास थांबतो आणि माणसाला वाटतं वायू गेला.

जवान इथं पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन उतरतो. त्याचं गणित त्याला तोंडपाठ असावं लागतं. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये 300 बार दाबानं भरलेली हवा म्हणजे साधारण 1,800 लिटर. कष्टाचं काम करताना मिनिटाला 40 लिटर धरले तर 45 मिनिटं. दाब 50 बारच्या आसपास आला की शिट्टी वाजते, तेव्हा जेमतेम सात-आठ मिनिटं उरलेली असतात. म्हणून शिट्टी वाजण्याच्या आतच बाहेर यायचं, हा नियम. आत माणूस दिसत असला तरी.

आत काय आहे हे माहीत नसेल तर?

31 ऑगस्ट 2019 ला शिरपूरजवळ वाघाडी इथं रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि डझनाहून जास्त माणसं गेली. अशा ठिकाणी पाण्याचा पाईप उघडण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो, आत काय आहे? सोडियमसारखा धातू पाणी लागल्यावर जास्तच भडकतो. कॅल्शियम कार्बाइडमधून पेट घेणारा वायू निघतो.

हा प्रश्न किती जुना आहे? 14 एप्रिल 1944 ला मुंबई बंदरात 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर आग लागली. त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि जवळपास 1,400 टन स्फोटकंही. पाणी मारणं सुरू असतानाच जहाज फुटलं. अग्निशमन दलाचे 66 जण गेले. देशात 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी.

आज मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यातून जातात आणि टँकरची रांग लागलेली असते. टँकरच्या मागे-बाजूला एक पाटी असते, तिच्यावर चार आकडी क्रमांक असतो. 1203 म्हणजे पेट्रोल, 1075 म्हणजे एलपीजी. अमेरिका-कॅनडातल्या बचाव पथकांची पुस्तिका सांगते, पेट्रोलचा टँकर पेटला तर चारही बाजूंनी 800 मीटर जागा रिकामी करा, एलपीजीचा असेल तर 1,600 मीटर. आणि आपण काय करतो? उलटलेल्या टँकरजवळ कॅन घेऊन जातो.

मग तुम्ही काय करायचं?

• 112 लावा. आग असेल तर 101, रुग्णवाहिकेसाठी 108.
• नुसतं ठिकाण सांगू नका, काय दिसतंय तेही सांगा. टँकर असेल तर लांबूनच, मोबाईलचा कॅमेरा झूम करून, पाटीवरचा क्रमांक वाचा.
• वाऱ्याच्या उलट बाजूला आणि उंचावर थांबा. वारा तुमच्याकडून आगीकडे जायला हवा.
• विहिरीत, टाकीत, गटारात कुणी बेशुद्ध दिसलं तर उतरू नका.
• गाडीला वाट द्या.

आणि एक शेवटची गोष्ट. जवान काठावर थांबून दोर बांधताना, दाब तपासताना दिसले की गर्दीतून आवाज येतो, "अरे, उतरा ना लवकर!" तो आवाज तुमचा नसू द्या. ती दोन मिनिटं घाबरल्यामुळे गेलेली नसतात. आत गेलेला माणूस परत यावा, म्हणून ती लागतात.