तर, तरच, तरी: एका 'च'ची किंमत

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. विषय आहे वाक्यं जोडताना जोर देणारे शब्द.

आमच्या खारबावात भातलावणीच्या दिवसांत ऐकू येतील अशी ही तीन वाक्यं:

पाऊस पडला तर जाईन.
पाऊस पडला तरच जाईन.
पाऊस पडला तरी जाईन.

पहिल्यात पाऊस आला की जाणं नक्की, पण नाही आला तर काय, ते सांगितलेलंच नाही. दुसऱ्यात ती वाट बंद: पाऊस नाही, तर जाणंही नाही. तिसऱ्यात पावसाची पर्वाच नाही. कोड लिहिणाऱ्यांनो, तीन वेगवेगळ्या कंडिशन झाल्या की नाही?

आता हाँगकाँगला चला. कँटोनीजमध्येही हे तीन प्रकार आहेत, फक्त शब्दाची जागा वेगळी. आपण पहिल्या वाक्याच्या शेवटी 'तर' लावतो, ते दुसऱ्या भागात क्रियापदाच्या आधी लावतात. 'पाऊस पडणे, चौ, जाणे' म्हणजे तर. चौ मधला च 'चमचा'तला, 'चहा'तला नाही. 'सिन्' ठेवलं की तरच, 'तोउ' ठेवलं की तरी. सिन्चा मूळ अर्थ 'आधी'. आधी पाऊस, मगच जाणं! आवाज चढवून जोर द्यायला तिथे मर्यादा आहे, कारण सूर बदलला की शब्दच बदलू शकतो.

आपला 'च' जुना आहे. १२९० च्या ज्ञानेश्वरीत तो 'चि' असा भेटतो.

भिवंडीत मात्र एक सापळा आहे, कारण इथे हिंदी-मराठी एकाच वाक्यात येतात. हिंदीतलं 'मैं ही जाऊँगा' म्हणजे मराठीत 'मीच जाईन'. मराठीतलं 'मीही जाईन' म्हणजे हिंदीत 'मैं भी'. 'ही' तोच, अर्थ वेगळा.

आणि हे नुसतं व्याकरण नाही. समजा, गोडाऊनच्या कामाचा व्हॉइस मेसेज आहे: 'आधार कार्ड असेल तरच आत सोडतील.' टाइप होताना 'च' गळला, तर वाचणाऱ्याला वाटेल, दुसरं काही दाखवूनही चालेल. तो भाडं खर्चून येतो आणि गेटवरून परत जातो. 'च' बोलताना इतका छोटा आणि आधीच्या शब्दाला चिकटलेला असतो, की तो सहज निसटतो.

म्हणून व्हॉइस टायपिंग केलंत, की पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा: च, ही, तरी. बाकीच्या चुका वाचणारा समजून घेतो. ह्या चुकल्या, तर त्याला चूक झालीये हेच कळत नाही.

तुमच्या गावाकडे 'च'ऐवजी काही वेगळं म्हणतात का? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडला!