दोघे एकदम रडतात तेव्हा

मगरिबनंतर दिवे लागले की आमच्या घरात रडणे सुरू व्हायचे. आधी मुलगी, आणि तिला उचलेपर्यंत तिच्याहून चार मिनिटांनी धाकटा असलेला तिचा भाऊ. इशाची नमाज होऊन जायची, शेजाऱ्यांची जेवणे उरकायची, पण आमच्याकडचा सूर तोच. जुळी झाल्याची खबर ऐकून आलेले सगळे म्हणाले होते, "माशाअल्लाह, दुप्पट रहमत!" रहमत दुप्पटच आहे, अलहम्दुलिल्लाह. पण आईचे हात दोनच राहतात, हे कोणी बोलले नव्हते.

बाळे आता दीड वर्षाची आहेत. हा लेख आम्ही नवरा-बायको दोघे मिळून लिहीत आहोत, म्हणून स्वतःला 'आई' आणि 'बाबा' असेच म्हणू.

बाळे अडीच महिन्यांची असतानाची एक रात्र आम्ही विसरलेलो नाही. दादी आठ दिवसांसाठी गावी गेली होती. बाबाची सकाळची पाळी, म्हणून तो बाहेरच्या खोलीत झोपत असे. रात्री अडीच वाजता दोघे एकदम रडत होती. एकाला छातीशी घेतले की दुसरी किंचाळायची. आपली बोटे बाळाच्या दंडावर जास्तच आवळली गेली आहेत, हे आईच्या अचानक ध्यानात आले. ती घाबरली. दोघांना त्यांच्या त्यांच्या पाळण्यात उताणे ठेवून तिने दार लोटले आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडू लागली. बाबा उठून आला, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मी वाईट आई आहे."

दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी आमचा गैरसमज दूर केला. आईने जे केले तेच बरोबर होते. राग किंवा थकवा अनावर झाला, तर बाळाला सपाट, सुरक्षित जागी उताणे ठेवावे, पाच-दहा मिनिटे बाजूला व्हावे, तोंडावर पाणी मारावे, कोणाला तरी हाक द्यावी. तेवढ्या वेळाच्या रडण्याने बाळाला इजा होत नाही. चिडून हलवल्याने मात्र होते. तान्ह्याची मान कमकुवत असते; जोरात हलवले तर मेंदूत रक्तस्राव होऊन दृष्टी किंवा जीवही जाऊ शकतो.

रडण्यालाही वय असते

"अडीच महिने झाले, आता तरी रडणे कमी व्हायला हवे," असे सगळे म्हणत. डॉक्टरांनी बोटांवर हिशेब करून दाखवला. तान्ह्यांचे रडणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढते, सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. पण जुळी बहुधा दिवस भरण्याआधीच येतात. आमची 36व्या आठवड्यात आली. अशा बाळांचे वय ठरलेल्या तारखेपासून धरायचे. म्हणजे आमची बाळे त्या हिशेबाने सहाच आठवड्यांची होती. हे कळल्यावर रडणे कमी झाले नाही, पण आईच्या मनावरचे ओझे कमी झाले. दूध कमी पडते म्हणून, नजर लागली म्हणून, आईला सांभाळता येत नाही म्हणून, असे काहीच कारण नव्हते.

नजरेबद्दल आम्हालाही बरेच सल्ले मिळाले. प्रेषित मुहम्मद (स.) आपले नातू हसन आणि हुसैन (रजि.) यांच्यासाठी अल्लाहकडे संरक्षणाची दुआ मागत, हजरत इब्राहीम (अ.) हीच दुआ इस्माईल आणि इसहाक (अ.) यांच्यासाठी मागत, असे बुखारी शरीफमध्ये आले आहे. आम्हीही ती दुआ रोज पढतो. तिच्यासाठी गंडा-दोरा लागत नाही.

आधी कोणाला उचलायचे?

एकटे असताना हा प्रश्न सर्वांत छळतो. मोठ्याने रडणाऱ्याकडे धावावेसे वाटते. अनुभवाने आम्ही उलटे शिकलो. दूध, लंगोट, ताप आधी पाहायचे. दोघांनाही तातडीचे काही नसेल, तर लवकर शांत होणाऱ्याला आधी घ्यायचे. तो दोन-तीन मिनिटांत निवला की दुसऱ्याला सावकाश वेळ देता येतो. वाट पाहणाऱ्याशी बोलत राहायचे, त्याच्या छातीवर तळवा ठेवायचा. त्याला शब्द कळत नाहीत, पण आवाज ओळखीचा असतो.

एक उठला की दुसऱ्यालाही उठवून पाजायचे, हा दुसरा धडा. सुरुवातीला झोपलेल्याला उठवणे जिवावर यायचे. पण तसे केले नाही तर रात्रभर आळीपाळीने जागरण. दोन्ही काखांत उशांच्या आधाराने एकेक बाळ धरून एकदम पाजता येते. पहिले काही दिवस उशा लावायला आणि बाळ हातात द्यायला कोणीतरी जवळ हवे. भिंतीवर एक वही टांगा: कोणी कधी दूध घेतले, लंगोट किती भिजले. थकलेल्या डोक्याला दोघांतले कोण उपाशी आहे, हे आठवत नाही.

पोटाशी धरून चालणे हा जुनाच उपाय आहे. जपानच्या रिकेन संस्थेतील संशोधकांनी 2022 मध्ये त्याची मोजणी केली. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटे चालावे आणि झोप लागल्यावर लगेच खाली न ठेवता आणखी पाच ते आठ मिनिटे बसून राहावे, असा त्यांचा सल्ला आहे. आमची मुलगी पाठ टेकताच जागी व्हायची, ते या थांबण्याने बरेच कमी झाले.

कांगारू पद्धतही उपयोगी पडली. कोलंबियातील बोगोटा शहरात 1978 मध्ये कमी वजनाच्या बाळांसाठी ती सुरू झाली. फक्त लंगोट-टोपीतले बाळ उघड्या छातीवर घेऊन वरून कापड लपेटायचे. ही छाती बाबाची असली तरी चालते. मात्र बाळ छातीवर असताना डुलकी येऊ लागली, तर त्याला पाळण्यात ठेवावे. झोपताना प्रत्येक बाळाची जागा वेगळी, सपाट आणि उशीविना असावी. दोघांना एका झोळीत घालू नये.

शांत करायला मध, ग्राइप वॉटर, घुटी काही देऊ नका. वर्षाच्या आत मध धोक्याचा असतो. तहनीकच्या हदीसमध्ये उल्लेख खजुराचा आहे; तोही डॉक्टरांना विचारून, बोटाच्या टोकापुरता.

बाबाचे काम

त्या रात्रीनंतर बाबाचे अंथरूण आतल्या खोलीत आले. रात्री दहा ते दोन बाळे त्याची. पाजण्यापुरते तो बाळ आईजवळ द्यायचा. ढेकर, लंगोट, चालणे त्याचे. आईला सलग दोन-अडीच तास झोप मिळू लागली आणि घराचा रंगच पालटला.

प्रेषित (स.) नमाज लांबवण्याच्या इराद्याने उभे राहत, पण बाळाचे रडणे कानी आले की त्याच्या आईची घालमेल जाणून नमाज आटोपती घेत. बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींत ही हदीस आहे. ज्या नबींनी एका आईसाठी सगळ्या जमातीची नमाज आटोपती घेतली, त्यांच्या उम्मतीतल्या बापाने झोप मोडू नये? सूरह अल-बकरामध्ये (2:233) दूध पाजण्याचा हुकूम आहे, तिथेच मुलापायी आईला त्रास दिला जाऊ नये, असेही बजावले आहे.

ज्यांचे बाबा आखातात आहेत, त्यांच्या घरी हे हात दादी, नानी, फुफी, खाला यांनी द्यावेत. जुळ्यांच्या घरी जाताना झबली नेऊ नका. जेवणाचा डबा न्या आणि तासभर एक बाळ सांभाळा. दूर असलेल्या बाबाने फोनवर "मुले का रडतात?" असे विचारण्याआधी "तू जेवलीस का?" असे विचारावे.

डॉक्टरांकडे केव्हा?

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, दूध नाकारणे, लघवी कमी होणे, सुस्ती, फुगलेली टाळू, ओठ निळे पडणे, किंवा रडण्याचा आवाजच बदलणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका.

आईकडेही तसेच पाहा. दोन आठवड्यांहून अधिक काळ ती उदास असेल, बाळे झोपूनही तिला झोप येत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो आजार आहे. ईमानची कमजोरी नव्हे. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवस-रात्र मोफत चालतो. आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर तिला एकटे न सोडता लगेच दवाखान्यात न्या.

आमची बाळे पाचव्या महिन्यात निवली. आता मगरिबनंतर दोघे मुसल्यावर बाबाच्या पाठीवर चढतात, आणि तो सजदा जरा लांबवतो.