मत मनाचें कीं डावाचें?

अमेरिकेंत निवडणुकीच्या दोन पायऱ्या असतात. मुख्य निवडणूक नोव्हेंबरांत होते. पण तत्पूर्वीं पक्षाचा उमेदवार कोण, हें प्राथमिक निवडणुकींत ठरतें. ही निवड पक्षधुरीणांच्या हातून काढून मतदारांस देणारा कायदा विस्कॉन्सिन संस्थानानें १९०३ मध्यें केला व १९०४ मध्यें लोकांनीं त्यास कौल दिला. तेथील प्राथमिक निवडणूक ‘खुली’ आहे. आपला पक्ष कोणता, हें मतदारानें सांगावें लागत नाहीं. कोणत्याहि एका पक्षाच्या यादींत त्यास मत देतां येतें.

मग परपक्षाच्या यादींत मत देणाऱ्याचा हेतु काय असतो? एकास तेथील उमेदवार खरोखरच आवडतो. दुसऱ्यास वाटतें, परपक्षच जिंकणार असेल तर निदान त्यांतला बरा माणूस यावा. तिसरा मात्र मुद्दाम दुबळ्या उमेदवारास मत देतो, कीं पुढें आपल्या पक्षाचें काम सोपें व्हावें. मतपेटीस हे हेतु दिसत नाहींत. मिशिगनमध्यें २००० सालीं रिपब्लिकन पक्षाच्या बहुसंख्य मतदारांचा कल जॉर्ज बुश यांच्याकडे असतां जॉन मॅकेन विजयी झाले, तें अपक्ष व डेमोक्रॅट मतदारांच्या बळावर.

तिसऱ्याचा डाव मात्र महागाचा आहे. त्या दिवशीं तो स्वपक्षाच्या यादीस मुकतो. शिवाय त्याचे दोन अंदाज बरोबर यावे लागतात: दुबळ्यासच उमेदवारी मिळावी, आणि नोव्हेंबरांत तो पडावा. दुसरा अंदाज चुकला तर नको असलेला माणूसच डोक्यावर बसतो.

पण मनाचें मत तरी नेहमीं फळतें काय? कॅलिफोर्नियानें २०१० मध्यें निराळा मार्ग धरला. बहुतेक पदांसाठीं सर्व पक्षांच्या उमेदवारांची एकच यादी करावयाची आणि पहिल्या दोघांस नोव्हेंबरांत उभें करावयाचें. २०१२ सालीं तेथील एकतिसाव्या काँग्रेस मतदारसंघांत चार डेमोक्रॅट उभे राहिले व त्यांच्यांत मतें विभागलीं. रिपब्लिकन दोनच होते आणि तेच दोघे पुढें गेले. नोव्हेंबरांत त्याच मतदारसंघानें अध्यक्षपदासाठीं डेमोक्रॅट बराक ओबामा यांस बहुमत दिलें. परंतु काँग्रेससाठीं मतपत्रिकेवर एकहि डेमोक्रॅट नव्हता. आवडत्या उमेदवारास दिलेल्या मतांनींच पक्षाची वाट अडविली.

तात्पर्य, नियम बदलल्यानें डावाचा मोह नाहींसा होत नाहीं. त्याची जागा तेवढी बदलते. मत देण्यापूर्वीं ‘मला कोण हवा’ याच्या जोडीला ‘इतर काय करतील’ हाहि प्रश्न मतदारापुढें उभा राहतोच.