सौर बंबाची दुरुस्ती : खर्च यंत्राचा की पाण्याचा?

एकेकाळी मराठी घरांत अंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापत असे. बंब गळू लागला, तर तांबटाकडून डाग देऊन घ्यावा आणि पुन्हा वर्षानुवर्षे वापरावा, अशी रीत होती. आज त्याची जागा विजेच्या गिझरने आणि गच्चीवरील सौर बंबाने घेतली आहे. ही यंत्रे बिघडली, की दुरुस्तीस किती खर्च यावा, याचा अंदाज सामान्य ग्राहकाला येत नाही आणि कारागीर सांगेल ती रक्कम मान्य करावी लागते.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील परंडा तालुक्यात असलेल्या सोनारीसारख्या गावी घर असणाऱ्यांनी या प्रश्नाचा विशेष विचार करावयास हवा. सोनारी हे काळभैरवनाथाचे देवस्थान. पोटापाण्यासाठी शहरात स्थायिक झालेली, पण गावाकडचे घर राखून असलेली कुटुंबे अशा गावी सणावाराला वा यात्रेला येतात; एरवी घराला कुलूप असते. त्यातच हा भाग अवर्षणप्रवण. त्यामुळे येथील बंब बिघडतो तो अनेकदा यंत्रातील दोषापेक्षा पाण्यामुळे. कधी ते क्षारयुक्त असल्याने, तर कधी ते मुळीच नसल्याने. हे ध्यानात घेतले, तर दुरुस्तीचा मोठा खर्च टाळता येतो.

क्षारांचा थर

खडकातून झिरपणाऱ्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. असे जड पाणी तापले, की त्यातील बायकार्बोनेटचे विघटन होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर साचू लागतो. पाणी जितके अधिक तापवावे, तितका हा थर वेगाने वाढतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार (आयएस 10500) एकूण काठिण्य लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानले जाते आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. म्हणजे पिण्यास चालणारे पाणीही बंबाला मानवेलच असे नाही. नळाच्या तोंडाशी पांढरी पुटे दिसणे आणि साबणाला फेस न येणे, या जड पाण्याच्या ओळखीच्या खुणा होत.

सौर बंबाचे दोन प्रकार प्रचलित आहेत. सपाट पट्टीच्या प्रकारात पाणी तांब्याच्या अरुंद नळ्यांतून फिरते. या नळ्या क्षारांनी चोंदल्या, की पाणी तापेनासे होते. रुंद काचनळ्यांच्या प्रकारात पाण्याची वाट सहसा चोंदत नाही. क्षार नळ्यांच्या तळाशी साचतात आणि त्या काढून धुता येतात. बोअरवेलचे जड पाणी असलेल्या घरात बंब निवडतानाच हा फरक पाहावा. सपाट पट्टीचाच बंब हवा असेल, तर उष्णता-विनिमयकाची सोय असलेला घ्यावा. त्यात नळ्यांतील पाणी आणि वापराचे पाणी वेगवेगळे राहते.

कोरड्या नळ्यांचा धोका

टंचाईच्या दिवसांत घडणारा बिघाड याहून वेगळा. गच्चीवरील टाकी रिकामी राहिली, की सौर बंबातही पाणी पोहोचत नाही आणि काचनळ्या उन्हात कोरड्याच तापत राहतात. दुपारी टँकर आला आणि थंड पाणी एकदम नळ्यांत शिरले, तर तापलेली काच तडकते. महिनोन्महिने बंद असलेल्या घरी येऊन भर दुपारी व्हॉल्व्ह उघडणाऱ्यांचाही असाच अनुभव असतो. यात यंत्राचा काहीच दोष नसतो. पाणी भल्या पहाटे अथवा सूर्यास्तानंतर नळ्या निवल्यावर सोडावे, एवढी काळजी पुरेशी ठरते. घर दीर्घकाळ बंद ठेवायचे असल्यास नळ्यांवर जाड कापड वा ताडपत्री बांधावी.

एक काचनळी फुटली, तर तेवढीच बदलता येते; संपूर्ण संच बदलण्याचे कारण नाही. नळी टाकीला जोडली जाते तेथील रबरी कडे झिजल्यासही गळती होते, तो दोष तर किरकोळच. मात्र टाकीवरील हवेची नळी चोंदू देऊ नये. ती बंद झाली, तर दाब वाढून टाकी फुगण्याची अथवा पाणी उतरताना आत चेपली जाण्याची भीती असते, आणि तो खर्च मोठा असतो.

गिझरचे गणित

विजेच्या गिझरमध्ये वारंवार बिघडणारे भाग मोजकेच आहेत. पाणी तापविणाऱ्या एलिमेंटवर क्षारांची साल चढते, उष्णता पाण्याला मिळत नाही आणि ते जळते. थर्मोस्टॅट बिघडला, तर पाणी अतितप्त होते वा तापतच नाही. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचविते. ती संपल्यावरही न बदलल्यास टाकी गंजू लागते. हे तिन्ही भाग टाकीच्या मानाने स्वस्त असून सुटे बदलता येतात. टाकीच गळू लागली, तर मात्र डागडुजी बहुधा टिकत नाही.

थोडक्यात, सुटा भाग गेल्यास दुरुस्ती आणि हमीबाहेरची टाकी गेल्यास नवे यंत्र, हा ढोबळ नियम धरावा. दुरुस्तीचा अंदाज नव्या यंत्राच्या निम्म्या किमतीपुढे जात असेल आणि यंत्र जुने असेल, तर नव्याचा विचार करणे शहाणपणाचे.

दुरुस्ती लांबविण्यालाही किंमत आहे. 100 लिटर पाणी 35 अंशांनी तापविण्यास सुमारे 4 युनिट वीज लागते. सौर बंब महिनाभर बंद राहिला आणि तेवढे पाणी रोज गिझरवर तापविले, तर सुमारे 120 युनिट जादा जळतात. युनिटला 8 रुपये धरले, तरी ही रक्कम 960 रुपये होते. एखादी काचनळी बदलण्याचे काम टाळून हाती काही लागत नाही, ते यावरून दिसेल.

बिल पाहताना

दुरुस्तीच्या बिलात भेटीचे शुल्क, सुट्या भागांची किंमत, मजुरी आणि कर हे घटक वेगवेगळे मांडलेले असावेत. कारागिराला बोलावतानाच भेटीचे शुल्क विचारून घ्यावे. गाव आडवळणाला असेल, तर ते अधिक असू शकते. बदललेला जुना भाग परत मागावा. वेष्टणावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीपेक्षा जास्त रक्कम देऊ नये. हमीपत्र नीट वाचावे, कारण टाकीची हमी आणि इतर भागांची हमी यांची मुदत सहसा निराळी असते. क्षारांमुळे झालेले नुकसान हमीतून वगळलेले आहे काय, हे तर खरेदीपूर्वीच तपासावे.

सेवेत कसूर झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते; त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे. तत्पूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पक्के बिल हाती असल्याशिवाय यांपैकी कोणत्याही ठिकाणी बाजू भक्कम राहत नाही.

खर्च कमी ठेवण्याचे उपाय साधेच आहेत. गिझरचे तापमान गरजेपुरतेच, 50 ते 55 अंशांच्या आसपास ठेवावे. टाकीच्या तळाचे पाणी अधूनमधून सोडून साचलेला गाळ काढावा. वर्षातून एकदा क्षार काढून घ्यावेत आणि त्याच वेळी कांडी तपासावी. गिझरला आणि सौर बंबातील विजेच्या जोडणीला पक्के अर्थिंग असावे. टाकी भरल्याची खात्री झाल्याखेरीज वीज सुरू करू नये. गावाकडे जाणाऱ्यांनी कारागिराला यात्रेच्या गर्दीत धावपळ करून बोलावण्यापेक्षा दोन आठवडे आधीच सवडीने बोलवावे. त्या वेळी केलेली किरकोळ दुरुस्ती पुढचा मोठा भुर्दंड वाचविते.